संगीतासाठी 'खास' लिनक्स लागतंच का?

"घरी लिनक्सवर रेकॉर्डिंग करायचंय? मिंट-डेबियन विसरा, उबंटू स्टुडिओ किंवा एव्ही लिनक्सच टाका. रिअल-टाइम कर्नल हवा, जॅक हवा, बफर ६४ वर ठेवा. विंडोजचे प्लगइन काय, वाइनमध्ये चालतातच." हा सल्ला इतका फिरलाय की नवखा माणूस आधी चालतं मशीन पुसतो आणि मग विचार करतो. एकेक मुद्दा घेऊ.

साध्या डिस्ट्रोवर (मिंट, डेबियन अशा लिनक्सच्या तयार रूपांवर) आवाज तुटतो, हा पहिला. उबंटू स्टुडिओचा पाया उबंटूच आहे. एव्ही लिनक्स एमएक्सवर उभं आहे आणि एमएक्स डेबियनवर. त्यांनी काही सेटिंग आधीच लावलेली असतात आणि सॉफ्टवेअर गोळा करून दिलेलं असतं, एवढंच. तीच सेटिंग मिंट किंवा डेबियनवर हाताने लावता येतात. जॅक या ध्वनी-सर्व्हरचं (प्रोग्राम आणि साउंड कार्ड यांच्यात आवाजाची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) 'जॅकडी२' पॅकेज टाका आणि रिअल-टाइम अग्रक्रमाबद्दल (ध्वनीच्या कामाला प्रोसेसरने आधी वेळ देण्याबद्दल) विचारलं की 'हो' म्हणा. त्यामुळे 'ऑडिओ' ग्रुपला ९५ पर्यंतचा अग्रक्रम आणि मेमरी लॉक करायची परवानगी मिळते. मात्र तुमचं नाव त्या ग्रुपमध्ये आपोआप जात नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. नाव स्वतः घाला आणि मशीन रीस्टार्ट करा. मग टर्मिनलवर 'युलिमिट' ही कमांड 'वजा आर' लावून चालवली की ९५ दिसायला हवं. ० दिसलं तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही. आर्चवर यासाठी वेगळं पॅकेज आहे आणि ग्रुपचं नाव 'रिअलटाइम'. शिवाय प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर ठेवा आणि ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार जोडायची पेटी) हबमध्ये न लावता थेट पोर्टमध्ये लावा. तरीही कटकट ऐकू आली तर वाय-फाय बंद करून बघा. दोषी बऱ्याचदा तेच असतं आणि डिस्ट्रो बदलून ते सुधारत नाही.

रिअल-टाइम कर्नल. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. त्याला रिअल-टाइम करणारं प्रीएम्प्ट-आरटी नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ कर्नलमध्ये मुख्य प्रवाहात आलं, पण तो कर्नल बांधतानाचा पर्याय आहे. ६.१२ असलेल्या डिस्ट्रोच्या नेहमीच्या कर्नलमध्ये तो चालू असेलच असं नाही. घरच्या कामाला बहुधा साधा कर्नल पुरतो; ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'प्रीएम्प्ट=फुल' आणि 'थ्रेडआयआरक्यूज' हे दोन शब्द घालायचे. आरटी कर्नल काम वेळेत होण्याची हमी वाढवतो, मशीन वेगवान करत नाही. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर तर आरटी कर्नलवर सरळ बसायलाच नकार देतो.

जॅक हवाच? फेडोरा ३४ पासून (२०२१), उबंटू २२.१० पासून आणि मिंट २२ पासून पाइपवायर हाच मूळ ध्वनी-सर्व्हर आहे आणि जॅकचे प्रोग्राम त्यावर चालतात. डेबियनवर एक खोच आहे. पाइपवायरचं जॅक-पॅकेज टाकलं तरी प्रोग्राम मूळ जॅकचीच लायब्ररी उचलतात, कार्ड अडवलं जातं आणि ब्राउझर मुका होतो. प्रोग्रामच्या नावाआधी 'पीडब्ल्यू-जॅक' लिहून तो सुरू करा. आर्डर किंवा रीपर (दोन्ही रेकॉर्डिंगचे प्रोग्राम) एकटंच वापरत असाल तर त्यांना थेट आल्सा (कर्नलमधली ध्वनी-यंत्रणा) द्या. मधला दलालच नको.

आता बफर ६४, म्हणजे एका खेपेत हाताळायचे ध्वनीचे ६४ नमुने (सँपल). सल्ल्यातला सगळ्यात महाग पडणारा भाग हाच, म्हणून थोडं गणित. ४८,००० सँपल दराला ६४ म्हणजे १.३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.७, २५६ म्हणजे ५.३. ध्वनी हवेत एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १२८ चा बफर हा स्पीकरपासून जेमतेम तीन फूट लांब बसण्याइतका उशीर. आत येताना आणि बाहेर जाताना तो दोनदा मोजायचा, वर यूएसबी आणि कन्व्हर्टरचे काही मिलिसेकंद. उलट ६४ वर प्रोसेसरला सेकंदाला ७५० वेळा हजेरी द्यावी लागते. एक चुकली की 'एक्सरन', म्हणजे आवाज तुटतो. कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधला पियानो वाजवायचा असेल किंवा गिटारला सॉफ्टवेअर अँप लावायचा असेल तर १२८ किंवा २५६ घ्या. गळा किंवा तबला माइकवर घ्यायचा असेल तर बफर ५१२ ठेवून इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज सॉफ्टवेअरमधून न फिरवता थेट हेडफोनला देणारी सोय) चालू करा. गायकाला उशीर जवळपास जाणवणारच नाही. फक्त सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी आणि पोकळ येतो. आर्डरमध्ये आउटपुटमधून इनपुटला केबल लावून उशीर एकदा मोजून घ्या. ते टाळलं तर तानपुऱ्याच्या ट्रॅकवर घेतलेला तबला प्रत्येक वेळी थोडा मागे पडतो, आणि दोष उगाच तबलजीला. ब्लूटूथ हेडफोनचं नावच काढू नका.

विंडोजचे प्लगइन (रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला जोडायची वाद्यं आणि इफेक्ट) वाइनवर, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, यब्रिज या पुलामधून चालतात, हे खरं. पण यब्रिज ५.१.१ वाइन ९.२२ आणि पुढच्या आवृत्त्यांशी बिनसतो. प्लगइनच्या खिडकीत क्लिक भलतीकडेच लागतं. म्हणून वाइन-स्टेजिंग ९.२१ वर पॅकेज 'होल्ड' करून (अपडेट थांबवून) ठेवतात. आयलॉकची डाँगल (परवान्याची यूएसबी किल्ली) मागणारे प्लगइन वाइनमध्ये धरूच नका.

आणि इथेच डिस्ट्रोची निवड खरोखर महत्त्वाची ठरते. आर्चसारखी सतत बदलणारी डिस्ट्रो एका अपडेटमध्ये वाइन नव्या आवृत्तीवर नेते. डेबियन १२ चा ६.१ कर्नल नव्या लॅपटॉपला किंवा नव्या इंटरफेसच्या मिक्सरला ओळखेलच असं नाही. डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे. उबंटू स्टुडिओ वाईट मुळीच नाही. काहीच हाताने लावायचं नसेल तर बेशक घ्या, पण एलटीएस (दीर्घकाळ आधाराची आवृत्ती) घ्या. तिला तीन वर्षं आधार असतो, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. कुठल्याही डिस्ट्रोवर आर्डर फ्लॅटपॅकमधून (प्रोग्रामला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणाऱ्या पॅकेजमधून) घेतलं तर सिस्टिममध्ये टाकलेले प्लगइन त्याला दिसत नाहीत. आर्डरच्या स्वतःच्या साइटवरचा इन्स्टॉलर लागणाऱ्या लायब्ररी सोबत आणतो, तो बरा.

गाणं अर्ध्यावर असताना अपडेट करावंच लागलं, तर आधी वाइनवर चालणारे सगळे ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा.