तिसरी टिक, लाल टिक: तो फॉरवर्ड खोटा हाय

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर परत तो जुना मेसेज फिरायलाय, "उद्यापासून नवे नियम, सगळे कॉल रेकॉर्ड होणार, तीन निळ्या टिक म्हणजे सरकारनं बघितलं, लाल आली की केस". खाली आयटी कायद्यातल्या 66अ कलमाची (आक्षेपार्ह मेसेज पाठवला की शिक्षा) धमकी.

ओ, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तिसरी टिकच नाही. एक म्हणजे गेला, दोन म्हणजे पोचला, निळ्या झाल्या की वाचला, संपलं. पीआयबीनंही (केंद्र सरकारचं माहिती कार्यालय) हे खोटं म्हणून सांगितलंय. आणि ते 66अ सुप्रीम कोर्टानं 2015 लाच रद्द केलंय. 2016 पासून मेसेज एन्क्रिप्टेड असतात, वाटेत कुणाला वाचता येत नाहीत (ग्रुपातल्याच कुणी स्क्रीनशॉट काढून दिला तर ते वेगळं).

म्हणून कुणाचाच कंट्रोल नाही असं पण नव्हे. अ‍ॅप मेटा कंपनीचं. आयटी कायद्याच्या 69अ खाली केंद्र सरकार पोस्ट, वेबसाइट ब्लॉक करायला लावू शकतं. आणि यूट्यूब-फेसबुकवर पुढं काय दिसणार ते त्यांचा अल्गोरिदम, म्हणजे आपण काय बघतो त्यावरनं निवडणारा प्रोग्राम, ठरवतो, एकदा मराठी-कन्नड भांडणाचा व्हिडिओ पूर्ण बघितला की मग तसलेच येत राहतात आणि सगळं गाव पेटलंय असं वाटाय लागतं, बाहेर बाजारात बघावं तर दोघं एकाच गाड्यावर चहा पीत उभे. मला तरी त्या लाल टिकेपेक्षा ह्याचीच जास्त काळजी वाटते.

मेसेजवर दोन बाण दिसले तर तो निदान पाच चॅट फिरून आलाय समजा, आणि कुणी पाठवलाच तर हे खाली चिकटवा.