पिल्लं खाल्ली कोणी? आळ मात्र जेलीफिशवर

बंदराबंदरातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कोकणच्या दर्यातली माशांची पिल्लं जेलीफिशनं फस्त केली, म्हणूनच पापलेट मिळत नाही. काळ्या समुद्रातही हेच झालं. दिसतील तिथे कापून टाका.’

‘पिल्लं फस्त केली.’ हे अर्धंच खरं. मच्छीमार ज्याला झार म्हणतात, तो जेलीफिश माशांची अंडी आणि नुकती फुटलेली, मिलिमीटरांत मोजायची पिल्लं खातो. त्या पिल्लांच्या वाट्याचे सूक्ष्म जीवही खातो, म्हणजे फटका दुहेरी. पण बोटभर पापलेटचं काय? जाळ्यात गच्च भरणाऱ्या जाड, घुमटाकार जेलीफिशपैकी अनेकांना मधोमध तोंडच नसतं. खाली लोंबणाऱ्या हातांवर असंख्य बारीक छिद्रं असतात, तीच तोंडं. त्यांतून बोटभर मासा जाणार कसा? उलट काटबांगडा ज्या कुळातला, त्या कुळातल्या कितीतरी माशांची पिल्लं या घुमटाखाली आसरा घेतात. जेलीफिश वाहील तसा तो चंदेरी घोळकाही सरकत राहतो.

‘काळ्या समुद्रातही हेच.’ तिथे 1980च्या दशकात जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला जहाजात भरतात त्या पाण्यातून) आलेला नेमिऑप्सिस हा खरा जेलीफिश नव्हेच, तो त्याचा लांबचा भाऊबंद. शिवाय तिथल्या अँकोव्ही या छोट्या माशाची संख्या कोसळली तेव्हा त्याची बेसुमार पकडही चालूच होती. नामिबियात तर आधी मासेमारीनं सार्डिन संपला, जेलीफिश माजले ते नंतर.

‘म्हणूनच पापलेट नाही.’ या वाक्याचा मला संताप येतो. बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांत तळहाताएवढीही न झालेली पापलेटं येतात आणि बाजारात वाट्यावर विकली जातात, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालतं. एलईडीच्या उजेडातल्या मासेमारीवर 2017 पासून बंदी आहे. महाराष्ट्रानं 2023 मध्ये 54 जातींच्या माशांना पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. हे नियम पाळले जातात का, ते विचारायचं सोडून आपण बिनमेंदूच्या प्राण्यावर खापर फोडतोय.

‘कापून टाका.’ हे तर मुळीच करू नका. तुटलेल्या तंतूंतल्या डंखपेशी नंतरही डसतात, आणि पिकलेल्या जेलीफिशची अंडी पाण्यातच सांडतात. पापलेट स्वतः जेलीफिश खातो. वेळास-आंजर्ल्याला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवंही खातात. जाळ्यात आले तर जाड हातमोजे घालून अख्खेच दर्यात सोडा.