दोनच कौलं बदलायची होती म्हणे!

"दोनच कौलं बदलायचीत रे, रविवारी ये." गोव्यातल्या मये तलावाकाठच्या आजोळच्या घरासाठी मामाने हे सांगितलं गेल्या दिवाळीला. आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली!

कौल काढलं तर खालची रीप कुजलेली. रीप काढली तर वासा पोकळ, बोट टेकवलं की वाळवीचा भुसा सरळ डोळ्यांत. सुतार? "फाल्यां येतां." म्हणजे उद्या येतो. कुठल्या सालचं फाल्यां, बाबा?

घसा फोडून सांगितलं होतं, चिऱ्याच्या भिंतीला चुनाच लाव, ती श्वास घेते. नाही! सिमेंटच हवं. मग गोव्याचा पाऊस, शेजारी तळं. ओल आत कोंडली आणि पापडासारखे पोपडे सुटले. खरवडणार कोण? मीच!

बरं, काही टाकू म्हटलं तर "ती आजोबांची खुर्ची!" अहो, तीन पायांच्या खुर्चीवर आजोबा तरी बसले असतील का?

आणि बाकीचे वारस? 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्याने मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा दिला. घमेलं उचलायचा वाटा मात्र माझ्या एकट्याचा! ते फक्त विचारतात, "तळ्याकडची खोली आम्हाला ना?"

आत्ताच मामाचा फोन आला. म्हणे, न्हाणीचा एकच नळ गळतोय.