जर्दाळूच्या बिया आणि 'बी-१७'ची थाप

'कॅन्सर हा आजारच नाही, बी-१७ या जीवनसत्त्वाची कमतरता आहे. रोज १५ ते २० जर्दाळूच्या बिया खा, केमोची गरज नाही.' हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. आता तो आमच्या आत्याकडे पोचलाय. तिची केमो चालू आहे आणि ती फोनवर विचारते, "पुढची सायकल टाळू का गं?" म्हणून लिहितेय.

बी-१७ नावाचं जीवनसत्त्वच नाही. बियांमधल्या अमिग्डालिन या रसायनाशी साधर्म्य असलेलं लेट्राइल हे कॅन्सरवरचं तथाकथित औषध विकण्यासाठी अमेरिकेत चिकटवलेलं ते नाव आहे. क जीवनसत्त्व न मिळाल्यानं स्कर्व्ही होतो, हा मेसेजमधला दाखला तेवढा खरा. त्यावरून कॅन्सरबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

सगळ्यात घातक आहे तो '१५ ते २०' हा आकडा. टणक कवचाच्या आतला तो बदामासारखा दाणा चावला की त्यातलीच विकरं (एन्झाइम) अमिग्डालिन फोडतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. उरलेलं काम आतड्यातले जिवाणू करतात. पेशी ज्या विकराच्या जोरावर ऑक्सिजन वापरते, त्यालाच सायनाइड जखडतं. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरते. म्हणे 'फक्त कॅन्सरच्या पेशी मरतात'! मेंदूची पेशी काय, हृदयाची काय, सायनाइड कुणालाच सोडत नाही.

थोडंसं सायनाइड शरीर निर्विष करू शकतं, म्हणून सफरचंदाच्या एकदोन बिया गिळल्या तर काही होत नाही. विष ठरतं ते मात्रेवर, हे पॅरासेल्सस या स्विस वैद्यानं १५३८ मध्येच लिहून ठेवलंय. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, ईएफएसएनं, २०१६ मध्ये हिशोब मांडला: मोठ्या माणसानं एका वेळी तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या बिया खाल्ल्या तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. बी मोठी असेल तर अर्धीसुद्धा पुरते. आणि हे सांगतात वीस! मळमळ, डोकेदुखी, चक्कर, धाप ही विषबाधेची लक्षणं. केमो घेणाऱ्या बाईला मळमळलं तर घरचे केमोलाच दोष देतील आणि बिया चालूच ठेवतील. मला भीती याचीच वाटते.

'नैसर्गिक आहे, अपाय नाही' याला उत्तर द्यायचा कंटाळा येतो. कण्हेर, धोत्रा, बचनाग काय कारखान्यात बनतात? योग्य वापरलं तर तीक्ष्ण विषही औषध होतं आणि चुकीचं वापरलं तर औषधही विष होतं, असं चरकसंहितेतच आहे.

राहिला 'औषध कंपन्यांनी दडपलं' हा आरोप. कॅन्सरची औषधं महाग आहेत आणि त्यावर नफा कमावला जातो, हे मान्य. पण लेट्राइल कुणी दडपलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकारानं ते १७८ रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९८२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष छापले. कुणी बरं झालं नाही, आयुष्यही वाढलं नाही. काहींच्या रक्तातलं सायनाइड मात्र जीवघेण्या पातळीच्या जवळ पोचलं होतं.