औषध स्वस्त झालं, सुईचं काय?

मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवा भाव येऊ लागला. वजन आणि साखर उतरवणारं हे इंजेक्शन आता कितीला मिळतं, पेन (डोस मोजून देणारं, पेनासारखं इंजेक्शन) घ्यावं की बाटली, बाटली घेतली तर महिन्याला किती वाचतील. चर्चा व्हायलाच हवी, औषध परवडलं नाही तर पुढचं सगळंच खुंटतं. पण ते टोचून घेणाऱ्याचे हात कसे आहेत, त्याला सिरिंजवरच्या रेघा दिसतात का, आणि टोचून झाल्यावर सुई कुठे जाते, यावर एवढ्या गदारोळात कुणी चकार शब्द काढला नाही.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे आणि दर पंधरा दिवसांनी त्यावरच्या ॲडालिम्युमॅब या औषधाचं इंजेक्शन मी स्वतःच मांडीत घेते. सांगलीला माझी मावशी वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचून घेते आहे. दोघींची कामं सारखीच, पण माझ्या हातातली वस्तू बनवताना कुणीतरी माझ्या बोटांचा विचार केला होता. मावशीच्या बोटांचा केला नव्हता.

हा विचार म्हणजे नेमकं काय, ते सांगते. या आजारात सकाळी बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही. अशा हातांना सुई टोचण्याआधी सुईचं टोपण ओढणं जड जातं. २००९ मध्ये अमेरिकेत सिम्झिया या औषधाची भरलेली सिरिंज या आजारासाठी आली. तिच्या रचनेसाठी यूसीबी कंपनीनं ऑक्सो या स्वयंपाकघरातली अवजारं बनवणाऱ्या कंपनीला सोबत घेतलं होतं. ऑक्सोच्या जाड, मऊ मुठींची गोष्टच मुळी संधिवातापासून सुरू होते: सॅम फार्बर यांच्या पत्नीला साधं सोलाणं धरवत नव्हतं, म्हणून १९९० मध्ये तशी मूठ बाजारात आली. सिरिंजच्या टोपणाला त्यांनी कडी दिली. चिमटीत पकडायची गरज नाही, कडीत बोट घालायचं आणि ओढायचं. अंगठा टेकायची जागा रुंद केली. यात महागडं तंत्रज्ञान कुठेच नाही. कुणीतरी आजारी माणसाच्या शेजारी बसून त्याचे हात बघितले, इतकंच. अमेरिकेची औषध-नियामक संस्था एफडीए हिची २०१६ ची मार्गदर्शिका तर सांगते की, अशा उपकरणाची शेवटची चाचणी घेताना ते प्रत्येक प्रकारच्या वापरकर्त्यांपैकी निदान १५ जणांच्या हातात देऊन बघावं.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये सुरक्षित सुयांचा कायदा २०१३ मध्ये आला तो दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना सुई टोचू नये म्हणून. तो हवाच होता. पण त्या धाटणीच्या कित्येक सिरिंजमध्ये दट्ट्या अगदी शेवटपर्यंत दाबला तरच स्प्रिंग सुटते आणि सुईवर आवरण येतं. नर्सच्या अंगठ्यात तो जोर असतो. ज्याच्या अंगठ्यात नाही, त्याचं थोडं औषध आतच राहतं आणि सुईही उघडीच राहते. शिवाय ऑक्टोबर २०१८ मध्ये इथलं ॲडालिम्युमॅबचं पेटंट संपल्यावर खर्च वाचवण्यासाठी रुग्णांना सर्रास दुसऱ्या कंपन्यांच्या औषधांवर नेण्यात आलं. औषधाचा गुण तोच, पण पेन वेगळं. काही पेनांना वरचं बटण अंगठ्यानं दाबावं लागतं, काही नुसती मांडीवर दाबून धरली की सुरू होतात. कागदावर हा फरक दिसत नाही, सुजलेल्या अंगठ्याला लगेच कळतो. घरपोच औषधाच्या इथल्या व्यवस्थेवर तर हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, समितीनं २०२३ मध्ये सडकून टीका केली. तेव्हा "तिकडे बघा कसं असतं" हा सूर मला लावायचा नाही.

आता मावशीकडे येते. तिची इन्सुलिनची बाटली मिलिलिटरला ४० युनिटची (युनिट हे इन्सुलिनचा डोस मोजायचं माप). भारतात १०० युनिटच्या बाटल्याही मिळतात, पेनं तर बहुतेक १०० चीच. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. लाल आणि नारिंगी! मोतीबिंदू झालेल्या, साखरेनं पडदा खराब झालेल्या डोळ्यांना, स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली हा फरक कळावा अशी अपेक्षा आहे. हिशेब करून बघा. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात ८ युनिट. उलट, १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजनं तितकंच ओढलं, तर जातात ५०. पहिल्या चुकीनं साखर चढत राहते, दुसरीनं माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. ब्रिटननं १९८३ मध्येच सरसकट १०० चं प्रमाण स्वीकारून हा घोळ संपवला. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत. त्यातले थोडेच इन्सुलिनवर असले तरी इतक्या लोकांनी रोज रंगांवर नजर ठेवून जगावं हे मला मान्य नाही.

त्यात आणखी भर अशी की, नोवो नॉर्डिस्क या इन्सुलिन बनवणाऱ्या कंपनीनं ह्यूमन इन्सुलिनची पेनं आणि पेनात घालायची काडतुसं भारतातून काढून घेत असल्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं. बाटल्या राहणार आहेत. म्हणजे पेनाची चकती टक-टक फिरवून डोस मोजणारा म्हातारा माणूस पुन्हा बारीक रेघांपाशी येणार. यावर आपल्याकडे बातम्या आल्या त्या बहुतेक बाजाराच्या पानांवर.

"एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी सिरिंज आणा, झालं," असं म्हणणारे भेटतात. ही सिरिंज उत्तम आहे आणि ती आपल्याला नवी नाही. कोविडची लस आपण त्याच सिरिंजनं घेतली. २०१८ मध्ये उन्नावमध्ये एकच सिरिंज अनेकांना वापरल्यानं एचआयव्ही पसरल्याचं उघड झालं, तशा ठिकाणी तिला पर्याय नाही. पण मावशी एकटी, स्वतःचीच सुई वापरणारी. इन्सुलिन ओढण्याआधी तिला सिरिंजमध्ये हवा घेऊन ती बाटलीत सोडावी लागते, मग औषध ओढायचं. दट्ट्या एकदाच मागे येऊ देणारी सिरिंज तिथेच अडते. आणि "अगं, चार-पाच वेळा वापरते मी, बोथट झाली की टाकते," हे ती सहज सांगते तेव्हा त्यामागे महिन्याचा हिशेब असतो. पोटावर गाठी झाल्यात, त्यांत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगितलंय. पण सिरिंजचा खर्च औषधाच्या खर्चात कुणी धरतच नाही. स्वस्त औषधाच्या जाहिरातीत सुयांची किंमतही छापायला लावली पाहिजे.

आणि बोथट झालेली सुई जाते कुठे? घंटागाडीत. माझ्याकडे पिवळा डबा असतो, तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतो आणि भरला की आमच्या भागात नगरपालिका घेऊन जाते. भारतात नियम नाहीत असं अजिबात नाही. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांतही घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या होत्या आणि दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र हवं असंही लिहिलं होतं. मावशीला असं केंद्र कुठे आहे ते ठाऊक नाही, तिच्या नगरसेवकालाही सांगता आलं नाही. हात मात्र कचरा वेचणाऱ्या बाईचे चिरतात. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा असं घरोघर पटवलं. सुयांसाठीही पुढाकार त्यांच्यावरच सोडायचा का?

करणं आपल्याला जमत नाही, असं तर मुळीच नाही. ॲडालिम्युमॅबची जगातली पहिली समरूप आवृत्ती (मूळ औषधासारखंच, पण दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं औषध) डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसनं आणली, ब्रिटनच्या जवळपास चार वर्षं आधी. फरिदाबादच्या हिंदुस्तान सिरिंजेसचा माल जगभर जातो. इतकं अवघड औषध बनवणारा देश कडी असलेलं टोपण आणि ठळक रेघा बनवू शकत नाही, हे मला पटत नाही. महागडं स्वयंचलित पेन आणा असंही मी म्हणत नाही, वापरून फेकायचं एवढं प्लास्टिक मलाही बोचतं.

माझ्या मते सुरुवात ४० युनिटची बाटली बंद करण्यापासून व्हावी, तीही ठरलेल्या तारखेला आणि सगळ्या कंपन्यांनी एकदम. अर्ध्या गावात ४० आणि अर्ध्या गावात १०० अशी मधली वर्षं सगळ्यात धोक्याची असतील. दुसरं, ज्या केमिस्टकडून सिरिंज घेतो त्याच्याच काउंटरवर जाड प्लास्टिकचा डबा हवा. मावशीचा केमिस्ट तिला नावानं ओळखतो, औषध संपत आलं की स्वतः फोन करतो. लीड्सला मला असा केमिस्ट मिळाला नाही. मावशीचा केमिस्ट असा डबा ठेवायला तयार आहे, मी विचारलंय. भरलेला डबा कोण उचलणार आणि त्याचे पैसे कोण देणार, याचं उत्तर त्याला महापालिकेकडून हवंय.