किलोभर जेक्वेरी

जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे, म्हणजे वेबपेजसाठीच्या तयार कोडच्या संचाचे, संदर्भपुस्तक घ्यायचे मनावर घेतलेच आहे, तर आधी ते हातावर तोलून पाहा. मनगट दुखले तर पुस्तक चांगले. लायब्ररीचा गाभा तसा आटोपशीर आहे: सिलेक्टर (एलिमेंट निवडण्याची खूण), डॉममधली (वेबपेजच्या रचनेतली) कापाकापी, इव्हेंट (क्लिकसारख्या घटना), अ‍ॅनिमेशन, एजॅक्स (पान न बदलता सर्व्हरशी बोलणे) आणि चार किरकोळ हत्यारे. एवढ्यावर सातशे पाने भरणे हे लेखकाचे कसब, आणि त्याची कदर तुम्ही नाही करणार तर कोण? एचटीएमएल म्हणजे काय यावर चाळीस पाने, एडिटर कसा इन्स्टॉल करावा यावर पंधरा, रिकाम्या ब्राउझरचे पानभर स्क्रीनशॉट, आणि शेवटी केव्हाच बेवारस झालेल्या प्लगिनांवर एक दणदणीत प्रकरण. ज्या मेथडसाठी, म्हणजे लायब्ररीतल्या तयार आज्ञेसाठी, पुस्तक उघडले तिच्या वाट्याला दीड ओळ येईल, पण दीड ओळ लवकर वाचून होते हा फायदाही बघा.

मुखपृष्ठावर 'सुधारित तिसरी आवृत्ती' दिसली की आत डोकावू नका. तिसरी आवृत्ती म्हणजे जेक्वेरी ३, हे उघडच आहे. आवृत्ती पुस्तकाची आणि व्हर्जन लायब्ररीचे, असल्या शंका काढणारे लोक प्रकाशनाचे साल शोधत बसतात. त्यांचा हिशेब असा: जेक्वेरी १.० आली २००६ मध्ये, १.९ जानेवारी २०१३ मध्ये, ३.० जून २०१६ मध्ये. शेवटच्या दोन्ही वेळी जुन्या मेथड झाडून बाहेर काढल्या गेल्या, म्हणून २०१२ चे पुस्तक दोन्ही झाडलोटींच्या आधीचे. फार कटकटीचे आहे हे. शिवाय ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या आणि चुका दाखवणाऱ्या खिडकीत, डॉलर, डॉट, एफएन, डॉट, जेक्वेरी एवढे टाकले की आपल्या वेबपेजवर कोणते व्हर्जन चालू आहे ते लगेच दिसते. ते टाकूच नका. उगाच पुस्तकाशी ताडून बघण्याचा मोह व्हायचा.

काही चिकित्सक मंडळी पुस्तक हातात आले की शेवटच्या सूचीवर जातात आणि 'लाइव्ह' शोधतात. वेबपेजवर मागाहून उगवणाऱ्या बटणांनाही क्लिक लागू व्हावे म्हणून ही मेथड १.३ मध्ये आली, १.७ मध्ये इव्हेंट जोडणारी 'ऑन' मेथड आल्यावर मोडीत निघाली आणि १.९ मध्ये काढून टाकली गेली. कारणही साधे होते. ती प्रत्येक इव्हेंट थेट डॉक्युमेंटपाशी, म्हणजे एलिमेंटांमधून वर चढत पानाच्या मुळाशी आल्यावर, पकडायची. वाटेत कोणी इव्हेंटचा प्रवास थांबवला की कारभार आटोपला. 'ऑन'मध्ये जवळचा, कायम टिकणारा पालक एलिमेंट तुम्ही निवडता आणि सिलेक्टर दुसऱ्या जागी देता. सूचीत 'लाइव्ह'ला पाच पाने आणि 'ऑन'चा पत्ताच नाही, असे पुस्तक ही मंडळी परत ठेवतात. तुम्ही उचला. जुने ते सोने. 'प्रॉप' (प्रॉपर्टी वाचणारी मेथड) सूचीत नसेल तर दुधात साखर: ती मे २०११ मध्ये १.६ सोबत आली, तेव्हा पुस्तकाचे वय न विचारता कळले. चेकबॉक्सला टिक आहे की नाही हे अशा पुस्तकात 'अ‍ॅट्र'लाच विचारलेले असते. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे एचटीएमएलमध्ये लिहिलेली सुरुवातीची स्थिती आणि प्रॉपर्टी म्हणजे आत्ताची, हा बारकावा वापरणारा फॉर्म पाठवेपर्यंत कोणाला दिसतोय?

पण 'लाइव्ह'ची गंमत थोडकी. ती मेथड नाहीच म्हटल्यावर कन्सोलमध्ये लाल ओळ येते आणि चूक पाच मिनिटांत सापडते. खरे रसिक 'टॉगल'चे पान बघतात. पूर्वी 'टॉगल'ला दोन फंक्शने दिली की पहिल्या क्लिकला पहिले चालायचे, दुसऱ्याला दुसरे. हा प्रकार १.९ मध्ये काढला, पण त्याच नावाची दाखवा-लपवा करणारी मेथड जागच्या जागी राहिली. म्हणून पुस्तकातला उतारा नव्या व्हर्जनवर चालवला तर एररचा मागमूस नसतो. तुमची फंक्शने ती अ‍ॅनिमेशनचे पर्याय म्हणून निमूट स्वीकारते आणि कोणी क्लिक करण्याआधीच बटण ४०० मिलिसेकंदांत आकसून नाहीसे होते. मग दुसरे फंक्शन, कोणी न बोलावता, एकदा चालून जाते. कन्सोल कोरा. इथे निदान अर्धा दिवस सीएसएसवर संशय घेण्यात घालवावा, अशी प्रथा आहे.

'लोड'चेही तसेच. विंडो पूर्ण उघडली की अमुक करा, यासाठी जुनी पुस्तके विंडोवर 'लोड' लावून आत फंक्शन देतात. ३.० मध्ये इव्हेंटचा हा शॉर्टकट गेला आणि सर्व्हरवरून तुकडा आणणारी 'लोड' तेवढी उरली. तिला पहिल्या जागी पत्ता हवा असतो, मिळते फंक्शन. मग ती 'इंडेक्सऑफ हे फंक्शन नाही' अशी तक्रार करते, जो शब्द तुमच्या कोडमध्ये कुठेच नसतो. विंडोवर 'ऑन' लावून 'लोड' हे नाव अवतरणात दिले की काम झाले, हे सांगणारे पुस्तक तुमची शोधाशोधीची हौस मारून टाकते.

संदर्भपुस्तकाला कसाला लावायचे असेल तर जाणकार 'मॅप'चे पान उघडतात, म्हणून ते तुम्ही उघडू नका. जेक्वेरी ऑब्जेक्टवरच्या 'मॅप'मध्ये कॉलबॅकला (आपण दिलेल्या फंक्शनला) आधी क्रमांक मिळतो, मग एलिमेंट. डॉलरवरच्या (जेक्वेरीच्या टोपणनावावरच्या) 'मॅप'मध्ये उलटे: आधी घटक, मग क्रमांक. 'ईच' दोन्हीकडे क्रमांक आधी देते. जावास्क्रिप्टची स्वतःची 'फॉरईच' घटक आधी देते. वर दोन्ही 'मॅप' कॉलबॅकने परत केलेला नल (रिकामी किंमत) गाळून टाकतात आणि अ‍ॅरे (यादी) सपाट करतात, त्यामुळे दहा आत गेले आणि सात बाहेर आले असे होऊ शकते. चांगला लेखक हे आर्ग्युमेंटांच्या क्रमासकट लिहितो. तुम्ही निवडलेल्यात 'मॅप ही अत्यंत उपयुक्त मेथड आहे' एवढे वाक्य असेल, आणि ते खोटे म्हणता येत नाही.

मेथड काय परत करते याचा रकानाही नको. वाचणाऱ्या मेथड सहसा निवडीतल्या पहिल्याच एलिमेंटचे उत्तर देतात: 'एचटीएमएल', 'सीएसएस', 'अ‍ॅट्र', 'व्हॅल' सगळ्या. 'टेक्स्ट' मात्र सगळ्यांचा मजकूर एकत्र करून हातात ठेवते. अपवाद छापला की पुस्तक रूक्ष होते. एजॅक्सच्या डिफॉल्ट किमतींचेही तेच. 'टाइमआउट' शून्य असतो, म्हणजे जेक्वेरी आपणहून कधीच थांबत नाही, हे आधी कळले तर गोल गोल फिरणाऱ्या चकतीकडे आशेने बघण्यातला आनंद संपला.

छापील प्रतीऐवजी पीडीएफ घेणार असाल तर अभिनंदन. त्यातून कोड कॉपी केल्यावर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी कधी सुबक वळणदार चिन्हे येतात आणि ब्राउझर पहिल्याच ओळीत मान टाकतो. कधी ओळींचे क्रमांकही सोबत येतात. सगळ्यात नजाकतीचा प्रकार म्हणजे पानाची रुंदी संपली म्हणून 'रिटर्न' एका ओळीवर आणि त्याची किंमत पुढच्या ओळीवर गेलेली. जावास्क्रिप्ट 'रिटर्न'पाशी स्वतःच अर्धविराम देते आणि फंक्शन 'अनडिफाइन्ड' (काहीच नाही) घेऊन परतते. उदाहरणांच्या फायली वेगळ्या मिळतात का, असे विचारणे म्हणजे पीडीएफचा अपमान.

पहिल्या उदाहरणात लायब्ररी कुठून जोडली आहे तेही बघण्यासारखे. फायलीच्या नावात 'लेटेस्ट' असलेली जेक्वेरीची अधिकृत लिंक जुन्या उदाहरणांत भेटते. ती २०१४ मध्ये १.११.१ वर गोठवली. नाव मात्र अजून लेटेस्टच. आणि तुम्ही भलत्याच उत्साहात 'स्लिम' फाइल जोडली असेल, तर तिच्यात एजॅक्स आणि अ‍ॅनिमेशन नसतात. ती प्रकरणे चालली नाहीत की प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहायला हरकत नाही.

आता पुस्तक घरी आले आणि त्यातले निम्मे चालेना, तर पुस्तक बदलायचे नाही, लायब्ररी बदलायची. जेक्वेरीचे 'मायग्रेट' नावाचे प्लगिन आहे. त्याची न दाबलेली फाइल जोडली तर कोणती जुनी मेथड कुठे वापरली ते कन्सोलमध्ये एकेक करून सांगते, आणि तेवढी दुरुस्त करत गेले की काम होते. पण त्याने पुस्तकाची मानहानी होते. त्यापेक्षा सरळ १.८.३ लावा. 'लाइव्ह' जिवंत होईल, बटण परत येईल, 'लोड' चालेल, पान न पान खरे ठरेल. सोबत डॉलरला दिलेल्या मजकुरात मधेच कुठे टॅग दिसला तरी त्याला एचटीएमएल समजण्याची जुनी सवयही परत येईल, म्हणजे बाहेरून आलेला मजकूर तसाच डॉलरला दिला की त्यातून कोणीही आपली स्क्रिप्ट घुसवू शकेल. ती खोड १.९ मध्ये मोडली होती. सिक्युरिटी ऑडिटवाल्यांनी अहवालात लाल शेरा मारला, तर त्यांना पुस्तक उघडून दाखवा. त्यात तसेच छापले आहे म्हणावे, आणि तिसरी आवृत्ती आहे.