पहिले प्लेस्टेशन कुठल्याही विजेवर चालते, हे साफ खोटे आहे

जुन्या व्हिडिओ गेमच्या शौकिनांमध्ये गेले काही आठवडे व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. ज्या प्लेस्टेशनच्या पाठीमागे पिवळी, पांढरी आणि लाल पिन लावायची तीन भोके आहेत आणि तळाच्या लेबलवर एससीपीएच-1001 असा क्रमांक आहे, तेच ‘जगातले पहिले आणि एकमेव अस्सल’ प्लेस्टेशन, असे त्यात म्हटले आहे. कारणेही दिली आहेत. ते कोणत्याही देशाच्या विजेवर चालते, त्याचे चित्र नंतरच्या मॉडेलांपेक्षा सरस असते, आवाज लाखभर रुपयांच्या सीडी प्लेअरच्या तोडीचा असतो, ते उलटे ठेवून वापरावे अशी कंपनीचीच रचना आहे, त्याचे मागचे पोर्ट क्षेपणास्त्रांसाठी वापरता येत असल्यामुळे जपान सरकारने ते बंद करायला लावले, आणि नंतरची सारी यंत्रे म्हणजे चिनी नकला. नाशिकच्या इंदिरानगरला राहणारा माझा भाचा या मेसेजवर विसंबून असे एक यंत्र 18,000 रुपयांना घ्यायला निघाला होता, आणि विक्रेत्याने त्याला ‘घरातल्या रेडिओची वायर लाव आणि खेळ’ असा सल्लाही वर दिला होता. बाकीच्या थापांनी फार तर पैसे जातील, पण या सल्ल्याने यंत्र जळेल, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सोनीने हे यंत्र निरनिराळ्या विभागांसाठी निरनिराळे बनवले, आणि मॉडेल क्रमांकाचा शेवटचा आकडा तो विभाग सांगतो: 0 म्हणजे जपान, 1 म्हणजे अमेरिका, 2 म्हणजे युरोप. कोणत्या विभागाच्या सीडी चालतील एवढेच त्यावरून ठरते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात आतला पॉवर सप्लायही त्या त्या विभागाचा असतो. जपानी 1000 हे 100 व्होल्टसाठी आहे, अमेरिकी 1001 हे 120 व्होल्टसाठी, आणि युरोपीय 1002 हे 220 ते 240 व्होल्टसाठी. सातपूर असो वा पंचवटी, महावितरणची घरगुती वीज 230 व्होल्टची असते. म्हणजे मेसेज ज्या मॉडेलची भलामण करतो, नेमके तेच नाशिकच्या कुठल्याही भिंतीतल्या सॉकेटला थेट लावता येत नाही.

काय होते तेही सांगतो, कारण ‘थोडे जास्त व्होल्टेज सहन करते’ असे म्हणणारे भेटतातच. प्लेस्टेशनच्या पॉवर सप्लायमध्ये आलेल्या एसी विजेचे आधी डीसी होते आणि ती वीज साठवणाऱ्या एका मोठ्या भागात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, साठते. 120 व्होल्टच्या विजेवर या कपॅसिटरवर सुमारे 170 व्होल्ट येतात, तर 230 व्होल्टच्या विजेवर सुमारे 325. अमेरिकी बाजारासाठीच्या अशा सप्लायमध्ये हा कपॅसिटर सहसा 200 व्होल्टपर्यंतचाच बसवलेला असतो. नशीब बलवत्तर असेल तर फ्यूज उडतो आणि प्रकरण तिथेच थांबते, एरवी कपॅसिटर फुगतो किंवा फुटतो आणि जाताना शेजारचे भागही घेऊन जातो. 50 आणि 60 हर्ट्झचा फरक इथे गौण आहे, कारण वीज आत शिरताच डीसी होते. मेसेजकर्त्याने बहुधा तेवढाच भाग कुठेतरी वाचला असावा.

खरा घोटाळा वायरमुळे होतो. यंत्राच्या मागे दोन पिनांचे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे सॉकेट असते. तिन्ही विभागांच्या यंत्रांना ते सारखेच असते आणि आपल्याकडच्या टेपरेकॉर्डरची, रेडिओची वायर त्यात चपखल बसते. वायर बसली म्हणजे वीज जुळली, असे गृहीत धरले जाते. मोबाईलच्या चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले पाहण्याची सवय झाल्यामुळे सगळीच उपकरणे तशी असतील असेही वाटू लागते. प्लेस्टेशनच्या तळाचे लेबल वाचायला अर्धे मिनिट पुरते, आणि त्यावर 120 व्होल्ट छापलेले असेल तर व्होल्टेज कमी करून देणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय ते सुरू करू नये. विक्रेत्याने यंत्र चालवून दाखवले हा पुरावा मानू नये. टेबलाखाली ट्रान्सफॉर्मर ठेवलेला आहे का, हे वाकून पाहावे. या नियमाला ठळक अपवाद 2000 साली आलेल्या छोट्या पीएस वनचा. त्याचा ॲडॉप्टर बाहेर असतो आणि यंत्राला 7.5 व्होल्ट डीसी लागते, त्यामुळे योग्य ॲडॉप्टर मिळाला की ते कुठल्याही देशात चालते. मेसेजने नेमके त्यालाच ‘नक्कल’ ठरवले आहे.

आता ‘जगातले पहिले’ या दाव्याकडे वळू. पहिले प्लेस्टेशन 3 डिसेंबर 1994 रोजी जपानमध्ये विक्रीस आले आणि त्याचा क्रमांक एससीपीएच-1000 होता. त्याच्या पाठीमागे एस-व्हिडिओचे, म्हणजे जास्त स्पष्ट चित्र देणाऱ्या जोडणीचे, सॉकेटही होते, जे 1001 ला कधी मिळालेच नाही. 1001 अमेरिकेत आले 9 सप्टेंबर 1995 रोजी, म्हणजे नऊ महिन्यांनी. तीन रंगांची भोकेही केवळ त्याचीच खूण नव्हे. जपानमध्ये ती पुढच्या मॉडेलांवरही राहिली आणि 1996 च्या अखेरीस आलेल्या 5500 वर काढून टाकली गेली.

चित्राबाबतचा दावा तर सरळ उलटा आहे. प्लेस्टेशनच्या हार्डवेअरवर मार्टिन कोर्थ यांनी तयार केलेले तांत्रिक वर्णन हा या विषयातला सर्वांत उपयोगी आधार आहे. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचे गेम संगणकावर चालवणारे प्रोग्राम, लिहिणारे त्याचाच आधार घेतात, आणि ज्याला शंका असेल त्याने मेसेज वाचण्यात घालवला तेवढा वेळ त्यातल्या ग्राफिक्स चिपच्या प्रकरणाला द्यावा. त्यात जुन्या आणि नव्या चिपमधला फरक नोंदवला आहे. जुनी चिप छटेच्या प्रत्येक रंगाचे 8 बिट आधी कापून 5 वर आणते आणि मग ती छटा टेक्श्चरशी, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्राशी, गुणते, त्यामुळे हळुवार उतरणाऱ्या छटेऐवजी पट्टे दिसतात. टॉम्ब रेडर या गेमच्या पहिल्याच लेव्हलमधला बर्फ नव्या चिपवर कितीतरी गुळगुळीत दिसतो, असे उदाहरणही तिथे दिले आहे. जुनी चिप सापडते ती सुरुवातीच्याच यंत्रांत. त्यातही एकाच मॉडेल क्रमांकाच्या डब्यांत वेगवेगळे बोर्ड निघत असल्यामुळे, दोन 1001 शेजारी ठेवली तर दोघांचे चित्र सारखेच असेल याची खात्री देता येत नाही. ‘जुने ते सोने’ म्हणून जादा पैसे मोजणारा बहुधा पट्टेच विकत घेत असतो.

आवाजाच्या बाबतीत थोडी माघार घ्यावी लागते, मनाविरुद्ध का होईना. 1001 ला सीडी प्लेअर म्हणून मानणारे लोक खरोखरच आहेत आणि स्टिरिओफाइल या अमेरिकी मासिकाने 2008 साली त्याचे गंभीरपणे परीक्षण छापले होते. तीन भोकांमुळे ते साध्या केबलने थेट ॲम्प्लिफायरला जोडता येते, ही सोयही खरी. पण आतली चिप जपानच्या आसाही कासेई कंपनीची, त्या काळातल्या नेहमीच्या वापरातली 16 बिटांची चिप आहे. सीडी ऐकायला ते चांगले यंत्र आहे, एवढे म्हणून थांबावे. गेमचा आवाज त्यामुळे लाखमोलाचा होत नाही.

उलटे ठेवण्याचा मुद्दा मात्र मजेशीर आहे, कारण इथे दोषाचाच गुण करून सांगितला आहे. पहिल्या पिढीत लेन्सची असेंब्ली पॉवर सप्लायच्या अगदी जवळ होती आणि लेन्स वाहून नेणारा भाग प्लॅस्टिकचा होता. उष्णतेने आणि घर्षणाने ते प्लॅस्टिक झिजते, लेन्स किंचित कलते आणि सीडी नीट वाचली जात नाही. झाकण काढून पाहिले तर ज्या कडेवर तो भाग सरकतो तिथे घासून गुळगुळीत झालेली रेघ दिसते. पहिले लक्षण बहुतेक वेळा गेममधल्या चित्रफितीत दिसते, कारण तिथे सीडीवरून सेकंदाला सुमारे 300 किलोबाइट माहिती न थांबता यावी लागते. ती अडखळली की चित्र आणि आवाज तुटक होतात. यंत्र उलटे किंवा कडेवर उभे केले की गुरुत्वाकर्षणामुळे झिजलेली लेन्स वेगळ्या बाजूने टेकते आणि काही दिवस काम चालून जाते. लोकांनी शोधलेला हा जुगाड आहे, कंपनीची रचना नव्हे. पुढच्या मॉडेलांत सोनीने लेन्स सप्लायपासून दूर नेली. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तासन्‌तास खेळणाऱ्याने तर पहिल्या पिढीपेक्षा नंतरचे यंत्र निवडणे केव्हाही शहाणपणाचे ठरेल.

क्षेपणास्त्राची गोष्ट प्लेस्टेशन 2 ची आहे. एप्रिल 2000 मध्ये जपानने त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, कारण त्याची ग्राफिक्स क्षमता लष्करी कामासाठी वापरली जाऊ शकेल अशी शंका होती. मेसेजमधले मागचे पोर्ट, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनचे पॅरलल पोर्ट, 9000 मालिकेच्या मॉडेलांवर काढले गेले, त्याच्याशी या घटनेचा काडीचाही संबंध नाही. त्या पोर्टचा खेळाडूंनी केलेला मुख्य उपयोग म्हणजे ॲक्शन रिप्लेसारखी चीट कार्ट्रिज, म्हणजे गेममध्ये लबाडी करू देणारी जोडउपकरणे, लावणे.

राहिला ‘चिनी नकलां’चा आरोप. 5501, 7501, 9001 आणि पीएस वन ही सारी सोनीचीच यंत्रे आहेत, आणि कारखाना कुठे आहे यावरून नक्कल ठरत नाही. खरी नक्कल वेगळीच होती, आणि बाजारात ती पॉलीस्टेशन या नावाने मिळत असे. बाहेरून हुबेहूब प्लेस्टेशन, करडा रंग, गोल झाकण, तशाच बटणांचा कंट्रोलर. पण झाकण उघडले की सीडी फिरवायची चकती आणि लेन्स यांच्या जागी निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या गेम यंत्राचे कार्ट्रिज खोचायची खाच दिसते, त्यामुळे ती ओळखायला तळाचे लेबलही वाचावे लागत नाही.